मेलोडिक स्केल दर वेळी त्याच जागी लंगडते, तेव्हा

बँजोवर सावकाश वाजवली की स्केल, म्हणजे ‘सा’ ते वरचा ‘सा’ अशी सुरांची चढ-उतार, सरळ येते. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, थोडं पुढे ढकललं की ‘म’वरून ‘प’वर जाताना पाय मुरगळल्यासारखं होतं, वरच्या ‘सा’ला पाचवी तार टणकन वाजते, आणि उतरताना मध्येच एक सूर असा ऐकू येतो जो मी छेडलेलाच नसतो. आठवडाभर नेटाने रियाज केला की सुधारल्यासारखं वाटतं. चार दिवस बँजोला हात लागला नाही की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हे दुखणं मी जवळजवळ दीड वर्ष पाळलं. कारण सापडलं तेव्हा स्वतःचाच राग आला, कारण इतके दिवस औषध मी भलत्याच हाताला लावत होतो.

आधी एक खुलासा. बँजो म्हणजे इथे पाच तारांचा, ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकारात वाजतो तो. चाव्यांच्या बुलबुलतरंगालाही बँजो म्हणतात, त्याच्याशी या लिखाणाचा संबंध नाही. ट्यूनिंग नेहमीचं ओपन जी: चौथी तार डी, तिसरी जी, दुसरी बी, पहिली डी, आणि पाचवी आखूड तार वरचा जी. जी हा ‘सा’ धरून मी सूर सा-रे-ग-म मध्ये लिहितो, सगळे शुद्ध. वरच्या सप्तकातला ‘सा’ म्हणजे ‘सां’.

मेलोडिक शैली ज्यांनी नुकतीच हातात घेतली आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. बँजोवादक अर्ल स्क्रग्जच्या तीन बोटांच्या शैलीत चालीचे सूर रोलमध्ये, म्हणजे ठरावीक क्रमाने तारा छेडण्याच्या नमुन्यात, पेरलेले असतात आणि मधल्या जागा इतर तारा भरून काढतात. फिडलवरची (व्हायोलिनवरची) चाल सुरासूर जशीच्या तशी वाजवायची म्हटलं की ही पद्धत अपुरी पडते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बँजोवादक बॉबी थॉम्पसनने आणि त्यानंतर स्वतंत्रपणे बिल कीथने यावर तोड काढली: चालीचा प्रत्येक सूर छेडायचा, पण लागोपाठचे दोन सूर शक्यतो एकाच तारेवर घ्यायचे नाहीत. मोकळी तार, दाबलेली तार, पुन्हा मोकळी, असं करत जायचं, म्हणजे आधीचा सूर पुढच्यात मिसळत राहतो. १९६३ मध्ये कीथ ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या ब्लू ग्रास बॉइज या बँडमध्ये आला आणि ही शैली सगळ्यांच्या कानावर पडली. अनेक जण तिला आजही कीथ शैलीच म्हणतात.

मी वाजवतो ती स्केल अशी. आधी तारेचा क्रमांक, मग फ्रेटचा, म्हणजे गळ्यावरच्या पडद्याचा (० म्हणजे मोकळी तार):

सा ३/०, रे ४/७, ग २/०, म ३/५, प १/०, ध २/५, नी १/४, सां ५/०

उजव्या हाताची बोटं: तर्जनी, अंगठा, तर्जनी, अंगठा, मधलं, तर्जनी, मधलं, अंगठा. उतरताना बरोबर उलट. डाव्या हाताला यात जागा बदलावी लागत नाही. पहिल्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर तर्जनी, तिसऱ्या तारेच्या पाचव्यावर मधलं बोट, दुसऱ्या तारेच्या पाचव्यावर अनामिका आणि चौथ्या तारेच्या सातव्यावर करंगळी. हात एकदा बसला की बसला. डाव्या हाताला इतकं सोपं असूनही मी दीड वर्ष डाव्याच हाताला दोष देत होतो, हे आता आठवलं की हसू येतं.

काय काय करून पाहिलं? सगळ्यांत आधी ‘हळू वाजव’ हा सल्ला पाळला. मेट्रोनोम ५० वर, म्हणजे मिनिटाला ५० ठोक्यांवर, ठेवून महिनाभर घासलं. त्या गतीला स्केल निर्दोष यायची, ८० ला पुन्हा लंगडायची. मग नव्या तारा घातल्या. मग अंगठ्याचा पिक, म्हणजे तार छेडायची नखी, बदलला. मग करंगळीचा व्यायाम सुरू केला, कारण ‘रे’ करंगळीने दाबायचा असतो आणि करंगळी कमकुवत असते, हे सगळेच सांगतात. करंगळी खरोखर सुधारली. लंगडणं जिथे होतं तिथेच राहिलं.

हळू वाजवण्याच्या सल्ल्याबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. फार हळू वाजवताना प्रत्येक सूर सुटा, विचार करून वाजतो, त्यामुळे दोष बाहेरच पडत नाही. जिथे जेमतेम बिघडायला लागतं ती गती तपासणीसाठी योग्य. माझ्यासाठी ती ७५ होती, एका ठोक्याला चार सूर.

तर तपासणी. डावा हात मांडीवर ठेवा. फक्त उजव्या हाताने, त्याच बोटांनी, त्याच क्रमाने मोकळ्या तारा छेडा: ३, ४, २, ३, १, २, १, ५. स्केल ऐकू येणार नाही, एक विचित्र रोल ऐकू येईल. नेमकं तेच हवं आहे. चाल ओळखीची असली की कान तिला सांभाळून घेतो, खाचखळगे बुजवतो. चाल काढून घेतली की उरते फक्त लय.

मी हे केलं आणि लंगडणं स्वच्छ ऐकू आलं. डावा हात मांडीवर, आणि तरीही चौथ्यावरून पाचव्या छेडीवर जाताना तीच उडी. प्रश्न उजव्या हाताचा होता हे तिथेच ठरलं.

मग फोनवर रेकॉर्डिंग केलं आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून नुसती आवाजाची लहर पाहिली. ७५ च्या गतीला, ठोक्याला चार सूर धरले तर दोन छेडींमध्ये ०.२ सेकंद हवेत. प्रत्येक छेडीचं टोक लहरीत स्पष्ट दिसतं, त्यामुळे अंतर मोजायला अवघड नाही. पहिल्या चार छेडी जवळजवळ बिनचूक. पाचवी, म्हणजे ‘प’ची, उशिरा आणि मरतुकडी. आठवी, म्हणजे ‘सां’ची, लवकर आणि सगळ्यांत उंच. चार-पाच वेळा रेकॉर्ड केलं, दर वेळी चित्र तेच. इतक्या शिस्तीने होणारी चूक म्हणजे हाताला लागलेली सवयच असणार.

सवय कुठली, ते बोटांचा क्रम कागदावर लिहून काढल्यावर कळलं. चढताना अंगठा येतो दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या सुरावर: रे, म, सां. उतरताना सां, म, रे. म्हणजे ‘सा’ ठोक्यावर धरून सुरुवात केली तर अंगठा कायम सम क्रमांकावर, एकदाही ठोक्यावर नाही. आता आपण रोल कसे शिकतो ते आठवा. अंगठ्याच्या आलटून-पालटून रोलमध्ये क्रम असतो अंगठा, तर्जनी, अंगठा, मधलं, आणि पुन्हा तेच. अंगठा पहिल्यावर, तिसऱ्यावर, पाचव्यावर, सातव्यावर. वर्षानुवर्षं हाताने हेच शिकलेलं असतं की अंगठा आला म्हणजे ठोका आला. स्केलमध्ये हेच उलटं होतं. चौथ्या सुराला, ‘म’ला, अंगठा पडतो आणि हाताला वाटतं, ठोका झाला. खरा ठोका त्याच्या पुढच्या ‘प’वर असतो, आणि तो वाजवायचं काम आलेलं असतं मधल्या बोटाकडे, जे बिचारं ठोका वाहायला शिकलेलंच नसतं. म्हणून ‘प’ मरतुकडा. पुढे प-ध-नी हे तीन सूर अंगठ्याविना जातात. तेवढा वेळ अंगठा लगाम खेचत असतो आणि ‘सां’ आला रे आला की उडी मारतो. म्हणून तो लवकर आणि दणकट.

तुमच्याकडेही हेच आहे का, हे पाहायला एक मिनिट पुरतं. तीच स्केल, तीच बोटं, तीच गती. फक्त ‘सा’ ठोक्याच्या आधी घ्या आणि ‘रे’ ठोक्यावर आणा. न थांबता चढा-उतरा, टोकाचे सूर दोनदा न घेता. असं केलं की एका फेरीत चौदा सूर होतात आणि चारचे गट धरले तर दोन फेऱ्यांत ठोके पडतात सात. या सातांपैकी पाच अंगठ्याच्या वाट्याला येतात. ‘सा’ ठोक्यावर धरून निघालात तर सातांपैकी एकही नाही. माझ्या हातून ‘रे’वाली स्केल पहिल्याच प्रयत्नात घरंगळत गेली. दीड वर्षाचं कोडं, आणि उलगडा सुरुवात एका सुराने सरकवण्यात. ‘रे’वर ठोका घेऊनही तुमची स्केल त्याच जागी अडत असेल तर कारण दुसरं आहे. तसं असेल तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

उपाय म्हणून ‘रे’वरूनच वाजवत राहायचं का? नाही. चालींमध्ये स्केलचे तुकडे हव्या त्या मात्रेवर येतात, आपल्या सोयीने येत नाहीत. अंगठ्याला ठोक्याबाहेर राहायला आणि मधल्या बोटाला ठोका वाहायला शिकवायचं आहे. मी ज्या क्रमाने केलं ते सांगतो.

पहिले काही दिवस फक्त मोकळ्या तारा. ३-४-२-३-१-२-१-५, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या आणि पाचव्या छेडीवर जाणूनबुजून जोर. पहिली छेड तर्जनीची, पाचवी मधल्या बोटाची. अंगठा मुद्दाम हलका. सुरुवातीला हात बंड करतो, जोर निसटून अंगठ्याकडे जातोच. जीभ टाळ्याला लावून ‘टक’ करत ठोका धरला तर सोपं जातं, पायाने धरू नका, पाय हाताच्या नादाला लागतो. निदान माझा लागतो.

मग फक्त सांधा: म-प-ध-नी-सां, म्हणजे ३/५, १/०, २/५, १/४, ५/०. बोटं अंगठा, मधलं, तर्जनी, मधलं, अंगठा. ‘म’ ठोक्याच्या आधी, ‘प’ ठोक्यावर, ‘सां’ पुढच्या ठोक्याच्या आधी, आणि तो पुढचा ठोका रिकामा. रिकामा ठोका महत्त्वाचा. ‘सां’ घाईने आला तर त्या मोकळ्या जागेत तो लगेच उघडा पडतो. पूर्ण स्केल मी या दिवसांत वाजवलीच नाही, आणि हे पथ्य पाळणं सगळ्यांत जड गेलं, कारण चांगली येणारी पहिली चार पावलं वाजवायचा मोह सुटत नाही.

तिसरी गोष्ट मला फार उपयोगी पडली: तिनाचे गट. न थांबता चढ-उतार करताना चौदा सुरांची फेरी चारच्या गटात बसवली तर ठोका कायम विषम क्रमांकाच्या सुरांवर पडतो, किंवा एक सूर सरकवला तर कायम सम क्रमांकाच्या. दोन्हींची गाठ कधी पडत नाही. तिनाच्या गटात मात्र तीन फेऱ्यांत चौदाच्या चौदा जागांवर एकेकदा ठोका येतो. चढता ‘प’, उतरता ‘प’, करंगळीचा ‘रे’, सगळे. कुठलंच बोट लपून राहत नाही. पहिले दोन दिवस डोकं भणाणतं. बोटं मोजू नका, ठोक्यावर कुठला सूर आला ते मोठ्याने म्हणा: सा, म, नी, आणि उतरताना ध, ग, मग पुढच्या फेरीतला रे. हे म्हणत वाजवता आलं की स्केल खरोखर हातात आली असं मी धरतो.

आता पाचव्या तारेचा टणत्कार. लय सुधारल्यावर तो अर्धा आपोआप गेला, अर्धा राहिला. या तारेची जातच वेगळी आहे. ती पाचव्या फ्रेटपासून सुरू होते, लांबी इतर तारांच्या साधारण पाऊणपट, आणि स्केलमध्ये तिच्या आधीचे दोन सूर दाबलेले असतात, त्यांच्यापुढे ती मोकळी वाजते. त्यात अंगठ्याचं वजन. कान जुळवायला एक युक्ती आहे: पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरही हाच ‘सां’ मिळतो. आधी १/५ मधल्या बोटाने वाजवा, मग ५/० अंगठ्याने, आणि दोन्ही सारख्याच जोराचे होईपर्यंत अंगठा हलका करत जा. रंग वेगळा राहणारच, राहू द्या. अंगठा तारेखाली फार खोल जाऊ देऊ नका, पिकचं टोक तारेला जेमतेम लागावं. आणि अंगठा दोन सुरांच्या मध्ये हवेत उंच जात असेल तर तो खाली येताना जोर घेऊनच येणार. आरशासमोर बसून पाहिलं तेव्हा माझा अंगठा बोटभर वर जात होता.

उतरतानाचा न छेडलेला सूर, हा मात्र खरोखर डाव्या हाताचा गुन्हा. सां, नी, ध, प: ५/०, १/४, २/५, १/०. ‘नी’ पहिल्या तारेवर तर्जनीने दाबलेला. पुढचा ‘ध’ दुसऱ्या तारेवर. त्यापुढचा ‘प’ पुन्हा पहिल्या तारेवर, मोकळा. तर्जनीला ठाऊक असतं की तिचं काम संपलं, म्हणून ‘ध’ वाजायच्या आतच ती उठते, आणि उठताना तारेला जराशी ओढते. झाला पुल-ऑफ. ‘ध’च्या खाली ‘प’ आधीच कुजबुजतो आणि मग खरा ‘प’ येतो तेव्हा शिळा वाटतो. तर्जनी ‘ध’ वाजेपर्यंत जागेवर ठेवायची आणि उजवं मधलं बोट पहिल्या तारेला टेकतं त्याच क्षणी उचलायची, तारेपासून सरळ वर, खाली ओढत नाही. डावं बोट आणि उजवं बोट एकाच क्षणाला, हे सुरुवातीला पोटावर हात फिरवत डोक्यावर टपल्या मारण्यासारखं आहे. नी-ध-प एवढे तीनच सूर घ्या आणि ‘ध’ मुद्दाम लांबवा. खाली कुजबुज ऐकू आली नाही की पुढे जा.

याचा उलट दोष म्हणजे तुटके सूर. स्केल टाइपरायटरसारखी टकटक वाजते, झंकार नाही. बोटं लवकर उचलली जातात एवढंच कारण असतं. चढताना ‘म’ दाबलेलं बोट ‘प’ वाजल्यावरही ठेवता येतं, ‘ध’चं बोट ‘नी’ वाजल्यावरही. तार दुसरी असल्याने काही अडत नाही.

सूर जुळलेले वाटत नसतील तर रियाज थांबवून वाद्य तपासा. मेलोडिक स्केलमध्ये मोकळा आणि दाबलेला सूर शेजारी शेजारी, एकात एक मिसळत वाजतात, त्यामुळे रोलमध्ये खपून गेलेला बेसूरपणा इथे खपत नाही. बँजोचा ब्रिज, म्हणजे घोडी, चिकटवलेला नसतो, नुसता तारांच्या दाबाने उभा असतो आणि तार बदलताना सरकतो. बाराव्या फ्रेटवर तार न दाबता बोट अलगद टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा बारीक सूर, वाजवा, मग तिथेच दाबून सूर वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज थोडा मागे, टेलपीसकडे, म्हणजे तारांची टोकं अडकवलेली असतात तिकडे, सरकवा. उतरा असेल तर गळ्याकडे. तिसरी तार सहसा सगळ्यांत जास्त त्रास देते, दाबली की चढते, आणि आपला ‘म’ तिच्यावरच असतो. त्यात जोराने दाबायची सवय असली तर आणखी चढतो. मी नव्या तारा घातल्या होत्या ना, तेव्हा ब्रिज तिरका झाला होता, आणि पुढचा महिनाभर मी माझ्या कानांना बोल लावत होतो.

‘सां’च्या पुढे चढताना काही जणांचं गाडं अडतं. तिथे एक सोय आहे. ‘ध’ आणि ‘नी’चा आकार, २/५ आणि १/४, तसाच उचलून पाच फ्रेट पुढे न्या: २/१० आणि १/९. हे झाले वरचे ‘रे’ आणि ‘ग’. मध्ये ५/० मोकळी वाजत असते, तेवढ्या वेळात हात सरकवायचा. बहुतेक जण ‘सां’ वाजल्यावर निघतात, म्हणून उशीर होतो. ‘नी’ची छेड झाली की ‘सां’च्या छेडीबरोबरच हात सुटायला हवा. इथेही अंगठा-तर्जनी-मधलं असाच क्रम येतो, त्यामुळे उजव्या हाताला नवं काही शिकावं लागत नाही.

मोकळ्या तारांची चाचणी पहिल्यापासूनच एकसारखी येत असेल, तर वरचं अंगठ्याचं पुराण तुमच्यासाठी नाही. तेव्हा दोष डावीकडे शोधायचा, आणि त्यासाठी एकच सूर बदलून पाहायचा. सी हा ‘सा’ धरा: ३/५, १/०, २/५, १/३, ५/०. म-प-ध-नी-सां मधला फक्त १/४ एक फ्रेट मागे आला आहे, उजवा हात अक्षरशः तोच. बोटं आता तर्जनी तिसऱ्या फ्रेटवर, आणि पाचव्या फ्रेटवरच्या दोन सुरांना अनामिका व करंगळी. इथे अडखळण्याची जागा बदलली तर बोटांची पोहोच आणि उचल यात गडबड आहे, आणि अनामिका-करंगळीची जोडी आठवडाभर वेगळी घासावी लागेल. जागा तीच राहिली, तर मोकळ्या तारा पुन्हा एकदा रेकॉर्ड करून लहर पाहा. नुसतं कानाने ऐकलं तर ‘एकसारखं येतंय’ असं वाटू शकतं.